रूमची चावी

पोलादपूर तालुक्यात मुलगी द्यायची झाली की पत्रिका मागाहून बघतात, आधी रूम बघतात. मुलगा किती शिकला, पितो का, सासू कशी आहे, हेही विचारतात, पण ते चहा येईपर्यंत वेळ काढायला. खरा प्रश्न चहाबरोबर येतो. "मुंबईत रूम हाय का?"

रूम म्हणजे घरातली खोली नव्हे. गावाला पाच खणांचं घर असलं, त्यावर स्लॅब असला, पुढं पडवीला टाइल्स असल्या, तरी ती रूम होत नाही. रूम मुंबईतच लागते. मग ती दिव्याला असो, नालासोपाऱ्याला असो की बदलापूरच्या पलीकडे शेतात असो. तिला मुंबई न म्हणणारे लोक मुंबईत राहतात, आणि त्यांच्या मुलींना इकडच्या वाड्यांतली स्थळं येत नाहीत, त्यामुळं त्यांचं मत कोणी विचारत नाही.

भरत उतेकरकडे रूम नव्हती. बाकी सगळं होतं, आणि तेच नडत होतं. घर होतं, भाताची जमीन होती, मोटारसायकल होती, आई धडधाकट होती आणि धंदा तेजीत होता. पण 'मुलगा काय करतो?' याचं उत्तर शेवटी 'गावाला असतो' इथंच येऊन थांबायचं. 'गावाला असतो' हे त्या खोऱ्यात 'त्याला फिट येते' अशाच आवाजात सांगतात. ऐकणारा चांगलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणतो, "असू दे. स्वभावानं चांगला हाय ना?"

भरतचा धंदा बंद घरांचा. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाला माळवाडी आहे. घरं चाळीसच्या आसपास, त्यातली चूल पेटणारी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. बाकीच्यांना कुलपं. कुलपांच्या चाव्या भरतकडे. वैशाखात खिडक्यांना प्लास्टिक बांधायचं, पावसात गळती बघायची, दसऱ्याच्या आत रान काढायचं, वाळवी बघायची, साप निघाला तर त्याची समजूत काढायची, आणि गणपतीच्या आधी घर असं लख्ख करायचं की मुंबईहून आलेल्या बाईला वाटावं आपण कालच इथून गेलो. मुंबईकर फोन करायचे. "भरत, पाऊस कसा हाय?" मग जरा थांबून, "घर हाय ना?" जणू घर त्यांच्या मागोमाग एस्टी पकडून निघणार होतं.

पैसे मोबाइलवर यायचे. ठाण्याच्या मॉलबाहेर शिट्टी घेऊन उभे राहणारे त्याचे चुलतभाऊ जेवढे मिळवत, त्याहून भरतला जास्त पडत. ते सगळे लग्न होऊन बापही झाले होते. त्यांच्याकडे रूम होत्या.

भरतचा एक नियम होता आणि तो प्रत्येक घरमालकाला ऐकवायचा. बंद घर दर पंधरवड्याला उघडायचंच. दारं-खिडक्या सताड उघडायच्या, थोडा वेळ आत बसायचं, जमलं तर चहा करायचा. "घराला माणसाचा वास लागतो," तो सांगायचा. "नाय मिळाला तर घर आतनं सडतं." मुंबईकरांना हे पटायचं, कारण त्यात त्यांना स्वतः काही करावं लागत नव्हतं.

चाव्या टांगायला त्यानं पडवीत शाळेचा फळा लावला होता. वाडीची शाळा पोरं संपल्यावर बंद झाली, तेव्हा फळा तिथं नुसताच राहिला होता. भरतनं त्यावर खिळे मारले आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूनं नाव लिहिलं. पण सगळी वाडी उतेकरांची. उतेकर लिहून उपयोग नव्हता, म्हणून 'वरळीवाले', 'रंगकामवाले', 'दोन बायकावाले' अशी नावं होती.

कुलपं तो महाडच्या बाजारपेठेत रऊफशेठच्या हार्डवेअरच्या दुकानातून घ्यायचा. रऊफशेठ कुलूप पिशवीत टाकताना दरवेळी तेच बोलायचा. "माझ्या बापानं तुमच्या वाडीला बिजागऱ्या विकल्या, मी कड्या विकल्या. आता नुसती कुलपं चालतात. माझे भाऊ कुवेतला. मोहल्ल्यात तिघांचे तीन बंगले, खाली मार्बल. त्यांचं कुलूप इंपोर्टेड, तुमचं अलिगढचं. आत पाली दोघांकडं सारख्याच."

वाडीत कायम राहणाऱ्या पुरुषांत भरत आणि येसाजी तात्या हे दोघंच चालते-फिरते होते. तात्या उलटा प्रवास करून आला होता. आयुष्यभर मुंबईला नोकरी केली, दिव्याला रूम घेतली, मुलगी बडोद्याला दिली, बायको गेली, आणि मग रूमला कुलूप लावून एक दिवस पेटी घेऊन वाडीत उतरला. वाडीतल्या बायकांना हे पटेना. चांगली रूम असताना माणूस परत येतो म्हणजे काहीतरी लफडं असणार. कोणी म्हणालं कर्ज, कोणी म्हणालं बाई. तात्या म्हणायचा, "मला झोप येत नव्हती तिकडं." यावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

वाडीत आलेली प्रत्येक चावी भरतकडे जाते, म्हणून तात्यानं दिव्याच्या रूमची चावीही त्याच्याकडेच दिली. भरतनं खिळा मारला आणि खाली लिहिलं, 'तात्या, दिवा'. सगळ्या फळ्यावर तेवढी एकच चावी मुंबईच्या घराची होती.

कापड्याच्या सोनबा सकपाळची मुलगी अंकिता पोलादपूरला एका पतपेढीत कॉम्प्युटरवर बसायची. भरत पैसे भरायला जायचा. तिनं एकदा विचारलं, "तुम्हीच ते चावीवाले?" भरत हो म्हणाला. "मग आमच्या मॅनेजरच्या टेबलाचा खण उघडा ना, त्याची चावी दिवाळीपासून हरवलीय." भरतनं खण उघडून दिला. त्यानंतर त्याला पतपेढीत वारंवार कामं निघू लागली. स्थळ मात्र रीतसर मध्यस्थाकडून गेलं, कारण त्या खोऱ्यात आवडलेल्या मुलीशी लग्न करायचं असलं तरी ते ठरवून झाल्यासारखं दिसावं लागतं.

मुलगी बघायला जाताना बरोबर वडीलधारा लागतो. भरतचा बाप कधीच गेला होता, चुलते सगळे मुंबईला. राहिला येसाजी तात्या. तात्यानं धोतर काढलं, इस्त्रीची पँट घातली आणि मोटारसायकलच्या मागं बसला.

"पाव्हणं करतात काय?" सोनबानं तात्याला विचारलं. मुलगा समोर बसलेला असला तरी त्याला थेट विचारत नाहीत.

"धंदा हाय त्याचा. घरांचा."

सोनबा जरा पुढं सरकला. "बिल्डर?"

"बिल्डर बांधतो नि पळतो. ह्यो मागं सांभाळतो."

"म्हंजे गावाला असतात."

तात्यानं चहाचा घोट घेतला. सोनबाच्या बायकोनं आतून काहीतरी भांडं जोरात ठेवलं.

"त्याचं काय हाय तात्या," सोनबा म्हणाला, "मला गाव वायट नाय. मी बी गावालाच हाय, माझं तोंड बघताच तुमी. पण उद्या पोरगी अडली, तर पोलादपुरात डॉक्टर म्हणतो महाडला न्या. महाडचा म्हणतो मुंबईला न्या. तिथं उतरायचं कुठं? आणि पोरं झाल्यावर शाळा? तुमच्या वाडीची तर बंद झाली ना?"

"झाली," तात्या म्हणाला. "फळा हाय."

"म्हणून विचारतो. रूम हाय का?"

भरतनं मान वर केली. दाराशी ट्रे घेऊन अंकिता उभी होती. एस्टी थांबते की तशीच पुढं जाते हे बघणाऱ्या माणसासारखी ती त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"दिव्याच्या रूमची चावी माझ्याकडं हाय."

तात्यानं कप खाली ठेवला.

"स्टेशनपासनं लांब?" सोनबा.

भरतला ते ठाऊक नव्हतं. "चालत जाता येतं," तात्या म्हणाला. "तिसरा माळा. वारा चांगला येतो. पाणी सकाळचं एकदाच, पण टाकी हाय."

"तुमी बघितली?"

"बघितली म्हंजे, बरीच वर्सं बघतोय."

येताना तात्या पुन्हा मोटारसायकलच्या मागं बसला. वाडीच्या चढणीला तात्या उतरला आणि पायी चालू लागला. भरत गाडी बंद करून त्याच्या बाजूनं ढकलत निघाला.

"तात्या, मी चुकलो."

"कुठं चुकलास? चावी तुझ्याकडंच हाय."

"रूम तुमची हाय."

"त्यानं ते कुठं विचारलं?" तात्या हसला, मग खोकला. "माझ्या रूमनं कोणाचं तरी लग्न जमतंय. माझ्या बायकोला बरं वाटलं असतं. दाखव त्यांना. बघण्यानं झिजत नाय."

सोनबा खरंच बघायला गेला. वीर स्टेशनहून दिव्याची गाडी पकडून भरतनं त्याला नेलं. बैल घ्यायला गेल्यासारखा सोनबा रूमभर फिरला, भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितला, माळ्यावर चढून बघितलं. दारावर पितळी पाटी होती, 'उतेकर'. पुढं नाव नव्हतं, कारण तात्याच्या बायकोच्या मते पाटीवर नवऱ्याचं नाव लिहिलं की ते रोज वाचावं लागतं. सोनबानं पाटी बोटानं पुसली आणि समाधानानं म्हणाला, "चांगली हाय जावयबापू." जावयबापू हा शब्द त्यानं तिथं पहिल्यांदा वापरला.

लग्न मार्गशीर्षात कापड्याला झालं. वाडीच्या बाजूनं वऱ्हाड म्हणून मुंबईहून दोन बस आल्या. अक्षता पडल्या तेव्हा अंकिता हळूच म्हणाली, "तुमच्या वाडीत एवढी माणसं आहेत?" भरत म्हणाला, "आज हायत."

तिला खरं सांगायचं भरतनं अनेकदा ठरवलं. पहिल्या आठवड्यात ते फार लवकर वाटलं. पुढं ते फार उशिरा वाटू लागलं. मधला दिवस कोणता होता, तो त्याला नंतर आठवेना.

अंकिता वाईट नव्हती, खमकी होती. सासूशी तिचं जमलं. रोज उतरून रस्त्याला जायची, गाडी मिळाली तर पतपेढीत जायची. "तुमच्याकडे रेंज आणि माणसं एकाच आंब्याखाली मिळतात," ती म्हणायची. गाडी मिळेनाशी झाली तशी पतपेढीनं तिच्या जागी पोलादपुरातलीच एक मुलगी घेतली. त्या दिवशी ती पडवीतच थांबली. नुसती फळ्यापुढं उभी राहून सगळी नावं वाचत होती. 'तात्या, दिवा' लग्नाआधीच भरतनं पुसलं होतं. खिळा तसाच होता, चावी तशीच होती, खाली नाव नव्हतं. बिननावाची चावी ती आपली, असं तिनं धरलं.

उन्हाळ्यात जनगणनेसाठी घरांची मोजणी आली. आले ते अरविंद सर. वाडीची शाळा चालू होती तेव्हा ते इथलेच मास्तर होते, बंद झाल्यावर त्यांना खाली कापड्याला हलवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, डोक्याला रुमाल. पडवीत आल्या आल्या त्यांनी फळा ओळखला.

"हा आमच्या शाळेचा ना रे?"

"होय सर. तिकडं नुसताच होता."

"बरं केलंस. याच्यावर कोणीतरी लिहितंय हे काय कमी आहे." त्यांनी चष्मा पुसला. "चल, घरं दाखव. मला विचारायचंय की घरात राहतं कोण, छप्पर कसलं, पाणी कुठलं, टीव्ही आहे का."

दोघं वाडीभर फिरले. प्रत्येक दारापुढं सर थांबायचे, भरत सांगायचा, "बंद." सर बोटानं मोबाइलवर दाबायचे. पुढचं घर. "बंद." काही घरं इतकी देखणी होती की सर उगाच अंगणात रेंगाळायचे. वरळीवाल्यांच्या दारात संगमरवरी सिंह होते.

"माझ्या वर्गात तुम्ही किती होता रे?" सरांनी विचारलं.

"बाकांवर मावत नव्हतो."

"आणि त्यातला इथं कोण आहे?"

"मी."

सरांनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "वरून विचारतात, तालुक्याचं मुख्य पीक कोणतं. मी सांगतो भात. दुसरं काय सांगणार?"

"कुलूप सांगा," भरत म्हणाला. "बारमाही हाय. पाणी लागत नाय."

सर हसले नाहीत. त्यांना ते लिहून घ्यावंसं वाटलं, पण मोबाइलमध्ये तशी जागा नव्हती.

शेवटी एका दारात बारकी चूल धुमसताना दिसली. येसाजी तात्या बाहेर आला आणि सरांनी काही विचारायच्या आत म्हणाला, "उघडं लिवा."

त्याच महिन्यात अंकिताला दिवस असल्याचं कळलं. आणि त्याच महिन्यात तिच्या भावाला, स्वराजला, ठाण्याला नोकरी लागली. सोनबा स्वतः वाडीत आला, आंबे आणि स्वराजला घेऊन.

"जावयबापू, रूम बंदच हाय ना? पोरगा राहील. अंकीला बी तिकडंच न्या आता. पावसात ह्या चढणीला तिला दुखायला लागलं तर काय डोलीत घालून उतरवणार? आणि डोली उचलायला हाय कोण, तुमी आणि तुमचा तात्या?"

भरतनं आंबे आत नेऊन ठेवले. स्वराज बापाच्या मदतीला आला. "तुम्हीच सांगता ना भाऊजी, बंद घर आतनं सडतं?"

संध्याकाळी भरत तात्याकडे गेला. तात्या लसूण सोलत होता. सगळं ऐकून घेतलं.

"राहू दे त्यांना. मी काय परत जातोय?"

"भाडं देतो तात्या."

"भाडं नको. रोज संध्याकाळी हितं चहाला येत जा. एवढ्या घरांत जाऊन बसतोस, माझ्याबी बस."

असा व्यवहार झाला. रूमचा मालक गावाला, गावचा माणूस रूमचा मालक, बायको रूमवर, आणि तिघांत मिळून एक खोटं. भरत रोज चहाला जायचा. सुरुवातीला मनापासून जायचा. मग तात्याची तब्येत बघायला जाऊ लागला. तात्या खुशीत असला की भरतला बरं वाटायचं, आणि 'बडोद्याला पोरीकडं जाऊन यावं म्हणतो' असं म्हणाला की भरत लगेच विषय बदलायचा, कारण बडोद्याची वाट दिव्यावरून जाते.

आषाढात तात्याला धाप लागायला लागली. भरतच्या मनात पहिला विचार रूमचा आला, दुसरा तात्याचा. त्यानं हा क्रम मनातल्या मनात बदलून बघितला, पण बदलला नाही.

महाडच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि तोंड वाकडं केलं. "हृदयाची झडप गेलीय. मुंबईला न्या, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. राहायची सोय आहे का तिकडं?"

"हाय," तात्या म्हणाला.

"नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. "इथल्या लोकांची तीच अडचण असते."

बाहेर आल्यावर भरत म्हणाला, "लावणी होऊ दे तात्या, मग जाऊ." लावणी झाली. मग म्हणाला, कशेडीकडं दरडी येतायत, पाऊस ओसरू दे. तात्याला मुंबईला जायला कशेडी लागत नाही, ती दुसऱ्या दिशेला आहे. हे भरतला ठाऊक होतं आणि तात्यालाही ठाऊक होतं. तात्या म्हणाला, "बरं. तू सांगशील तेव्हा." आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता.

श्रावणात त्याचे पाय सुजले तेव्हा भरतच्या आईनं मध्ये तोंड घातलं. तिला आधीपासून सगळं ठाऊक होतं, कारण फळा तिच्याच पडवीत होता. "भरत्या," ती म्हणाली, "मानूस मारून रूम ठेवतोस का रे?"

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. तात्यानं गाडीत खिडकी धरली आणि पनवेलपर्यंत येणारी स्टेशनं वाचत गेला. मग म्हणाला, "मी कोण म्हणून यायचं?"

भरतनं बाहेर बघितलं.

"गावचा म्हणून येतो," तात्यानं स्वतःच ठरवलं. "तेबी खोटं नाय."

तिसऱ्या माळ्यावर चढताना तात्या प्रत्येक वळणावर बसला. दार अंकितानं उघडलं. पोट आता नीट दिसत होतं. तात्यानं आपल्या दारात उभं राहून पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "येऊ का गो आत?"

"या ना तात्या. घर तुमचंच आहे," अंकिता म्हणाली. कोणालाही म्हणतात तसं.

आत पंखा नवा होता. भिंतींना गुलाबी रंग दिला होता. तात्या चटईवर टेकला. स्वराजनं पाणी दिलं, मोबाइल बाजूला ठेवून दोन मिनिटं गावाची चौकशी केली आणि पुन्हा मोबाइल घेतला. तात्या उठला. "बाथरूमची बत्ती कुठं हाय?" त्यानं विचारलं, आणि स्वराज सांगायच्या आत त्याचा हात दाराच्या मागं, कपाटाआडच्या बटणावर गेला.

"बरोबर सापडलं काका. आम्हाला दोन दिवस लागले होते."

"सगळ्या रूमा सारख्याच असतात," तात्या आतून म्हणाला.

जेवताना अंकिता उत्साहात होती. वर बोट करून म्हणाली, "तात्या, ते बघा. पाळण्याचा हुक. जुन्या मालकानं लावलेला असणार. आम्हाला नवीन भोक पाडायची गरजच नाही. धरेल ना हो तो?"

तात्यानं वर बघितलं. बडोद्याची मुलगी त्या हुकाच्या पाळण्यात झोपायची तेव्हा रूमला रंगही नव्हता.

"धरेल," तो म्हणाला. "स्लॅबमधून आरपार नेऊन वर नट मारलाय... असं वाटतं. तसं केल्याबिगर हुक बसत नाय."

भरत भाताचा घास तोंडात धरून बसला.

हॉस्पिटलात तपासण्या सुरू झाल्या. आज रक्त, उद्या फोटो, परवा मशीन बंद. ऑपरेशनची तारीख मिळेल, पण केव्हा ते सांगता येत नव्हतं. तात्या रूमवर परत येऊन भिंतीला टेकून बसायचा आणि खोकायचा. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात चार माणसं. स्वराज गॅलरीत झोपू लागला. एका संध्याकाळी अंकितानं भरतला गॅलरीत बोलावलं.

"माणूस चांगला आहे हो. पण हा खोकला कसला ते अजून नक्की कळलेलं नाही, आणि मी अशी. उद्या बाळाला काही झालं तर?" तिचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "हॉस्पिटलजवळ धर्मशाळा आहे, पेशंटच्या लोकांसाठी. स्वराज विचारून आलाय. रोजची ये-जा पण वाचेल त्यांची. आणि असं बघा, आज हे आले. उद्या तुमच्या चावीवाल्यांपैकी अजून कोणी येईल. आपली रूम म्हणजे काय गावाची धर्मशाळा आहे का?"

आत्ता सांगावं, असं भरतच्या मनात आलं. समोर ती होती, मागं दार उघडं होतं, आत मालक बसला होता. त्यानं तिच्या पोटाकडे बघितलं, मग हुकाकडे बघितलं, आणि म्हणाला, "सांगतो त्यांना."

सांगावं लागलं नाही. दार उघडं होतं. भरत आत आला तेव्हा तात्या पिशवी भरत होता.

"बरोबर बोलते पोरगी," तात्या हळू आवाजात म्हणाला. "लहान रूम हाय. मी पयल्यापासनं बायकोला बोलत होतो, मोठी घेऊ या."

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या फाटकाशी भरतनं पिशवी खाली ठेवली. आत एका ओळीत पलंग होते आणि प्रत्येक पलंगाखाली एकेक पिशवी. तात्यानं खिशातून चावी काढली. वाडीच्या घराची.

"ही बी लाव खिळ्याला. पंधरवड्याला उघडत जा." मग पिशवी जवळ ओढत म्हणाला, "चहा केलास तर साखर डब्यात हाय. मुंग्या बघून घे."

"तारीख मिळाली की मी येतो तात्या. लगेच येतो."

"ये," तात्या म्हणाला. "आणि त्या पोराला सांग, नळ घट्ट पिळू नको. वायसर जातो."

भरत वाडीत परतला, कारण गणपती तोंडावर आले होते आणि धंद्याचे दिवस होते. त्यानं घरं उघडली, झाडली, जाळी काढली, बल्ब बदलले. तात्याचं घरही उघडलं. आत बसला. चहा केला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाड्या लागल्या आणि माळवाडीत इतकी माणसं झाली की आंब्याखाली रेंज मिळेना. पोरं शाळेच्या बंद दाराला लाथा मारून खेळत होती. एकेक मुंबईकर पडवीत येऊन आपली चावी घेत होता. वरळीवाले, रंगकामवाले, दोन बायकावाल्यांचा मुलगा. फळा रिकामा होत गेला. सासऱ्याचा मान म्हणून सोनबाही मोदक घेऊन आला होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "अंकी रूमवरच हाय. असल्या दिवसांत म्हटलं हलवायला नको. आमच्या जावयाची स्वतःची रूम, म्हणून निभावलं."

शेवटी फळ्यावर एकच चावी राहिली.

"ही कोणाची रे?" वरळीवाल्यांनी विचारलं.

"येसाजी तात्याची."

"म्हातारा कुठं हाय? दिसला नाय."

आई चुलीपाशी होती. तिनं मान वळवली आणि भरतकडे बघत राहिली. सोनबाही बघत होता.

"मुंबईला असतो," भरत म्हणाला.

"दिव्याला? त्याच्या रूमवर?"

सोनबाची मोदक वाटण्याची लगबग चालूच होती. दिवा मोठा आहे, तिथं रूमा पुष्कळ.

"हां," भरत म्हणाला. "रूमवर."

"बेस केलं," वरळीवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच निवळला. "आम्ही तेव्हाच बोललो होतो, टिकायचा नाय हितं. डोक्यावर पडला होता म्हातारा, चांगली रूम सोडून आला. आला म्हणायचा ताळ्यावर."

सोनबानं मान डोलावली. बाहेर कोणीतरी आरतीची घंटा वाजवून बघितली. भरतनं खडू घेतला आणि शेवटच्या खिळ्याखाली नाव लिहिलं. आजवर त्या घराचं नाव फळ्यावर लिहायची वेळ आली नव्हती, ते उघडंच असायचं. काय लिहावं याचा त्यानं थोडा विचार केला, आणि 'दिवावाले' असं लिहिलं.